पेढीचा पहिला शब्द

पूर्वी गिऱ्हाईक पेढीची पायरी चढले, की गादीवरचे शेठजी "या, बसा" म्हणत आणि पाण्याचा तांब्या पुढे येई. मालाची चौकशी त्यानंतर. आज पुष्कळसे गिऱ्हाईक पायरी न चढता दूरध्वनीवरूनच येते. त्याला चेहरा दिसत नाही, पाणीही मिळत नाही. कानावर पडणारे पहिले वाक्य हेच त्याचे स्वागत. अनेक दुकानांत मात्र हे वाक्य कोणी ठरवलेलेच नसते. मुलगा "हॅलो" म्हणतो, नोकर "बोला" म्हणतो आणि घाईत असलेले शेठजी "कोण?" असे विचारतात.

"हॅलो" हा शब्ददेखील विचारपूर्वक सुचवलेला आहे. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांना खलाशांची "अहॉय" ही हाक पसंत होती. थॉमस एडिसन यांनी १८७७ साली एका पत्रात "हॅलो"चा पुरस्कार केला. हा शब्द दहा-वीस फुटांवरून ऐकू येतो, तेव्हा वेगळ्या घंटेची गरजच नाही, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणजे तो शब्द लक्ष वेधण्यासाठी होता. दुकानाची ओळख करून देणे हे त्याचे काम नव्हे.

सांगलीतील हळदीच्या एखाद्या अडत दुकानाचे उदाहरण घ्यावे. पहाटे टेम्पोत पोती भरण्यापूर्वी शेतकरी फोन करतो. योग्य ठिकाणी फोन लागला का, बोलतो आहे कोण आणि आज सौदे होणार का, एवढेच त्याला जाणून घ्यायचे असते. म्हणून नमस्कारापाठोपाठ दुकानाचे नाव, गाव आणि बोलणाऱ्याची ओळख यावी: "नमस्कार, अमुक ट्रेडिंग कंपनी, सांगली. दिवाणजी बोलतोय."

येथे जैन कुटुंबांत प्रश्न उभा राहतो: "जय जिनेंद्र" म्हणावे की "नमस्कार"? ज्याच्या मुखी "जय जिनेंद्र" सहज येते, त्याने ते अवश्य म्हणावे. परंतु अन्यधर्मीय नोकरावर त्याची सक्ती करू नये. सक्तीने वदवलेल्या अभिवादनात आदर उरत नाही. समोरून "रामराम" आले, तर "रामराम" म्हणण्यात कोणतेही उणेपण नाही.

मुनींच्या पाच समितींत भाषासमिती आहे. हित, मित आणि प्रिय बोलावे, ही तिची शिकवण श्रावकाच्या पेढीलाही लागू पडते. हित म्हणजे ऐकणाऱ्याच्या उपयोगाचे. मित म्हणजे एका श्वासात संपणारे. प्रिय म्हणजे कपाळाला आठी न घालता उच्चारलेले. जाहिरात, योजना आणि सवलती यांना या वाक्यात स्थान नाही.

खरी कसोटी लागते ती ध्वनिमुद्रित संदेशात. "आपला फोन आमच्यासाठी मोलाचा आहे" असे सांगून गिऱ्हाइकाला पाच मिनिटे संगीत ऐकवणे, हे सत्य अणुव्रताशी कितपत जुळते? त्यापेक्षा "अनंत चतुर्दशीनिमित्त आज पेढी बंद आहे, उद्या सकाळी दहा वाजता उघडेल" हे साधे वाक्य अधिक मोलाचे. व्हॉट्सअॅप बिझनेसवर स्वागताचा आणि अनुपस्थितीचा असे दोन वेगळे संदेश ठेवता येतात. चातुर्मासात सूर्यास्तापूर्वीच्या भोजनासाठी दुकान लवकर बंद होत असेल, तर त्यात ती वेळही नोंदवावी. मात्र पर्व संपताच तो संदेश बदलावा. जुन्या वेळेवर विसंबून शेतकरी माल घेऊन आला आणि दाराला कुलूप दिसले, तर टेम्पोचे भाडे त्याच्या पदरचे जाते आणि पेढीच्या शब्दावरचा विश्वासही उडतो.

हे वाक्य शेठजींनी एकट्याने ठरवू नये. सुना, मुले, दिवाणजी आणि फोन उचलणारा नोकर, सर्वांनी ते एकदा मोठ्याने म्हणून पाहावे. ज्याची जीभ जेथे अडखळेल, तेथे शब्द बदलावा. ठरलेले वाक्य चिठ्ठीवर लिहून फोनशेजारी लावावे. वहीतील आकडा चुकू नये म्हणून जी दक्षता पेढीवर घेतली जाते, तीच या एका वाक्यासाठीही घ्यावी.