ट्रकचालकाची कमाई : पगार किती, भत्ता किती?

मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात. म्हणून इथल्या ढाब्यांवर देशभरच्या पासिंगच्या गाड्या दिसतात. कंपनीच्या ट्रकवरील चालकाला साधारणपणे महिन्याचा पगार आणि फेरीमागे भत्ता मिळतो. वाटखर्चाची उचल ही कमाई नव्हे. तिचा हिशेब पावत्यांसह द्यावा लागतो. चाक फिरले तर भत्ता. लोडिंगच्या रांगेतला दिवस बहुधा कोरडाच. सावदा-रावेरची केळी भरली, की उलटी घाई: माल नाशवंत, दिल्ली वेळेत गाठायची. झोप केबिनमध्येच. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने सर्वसाधारण मर्यादा दिवसाला 8 आणि आठवड्याला 48 तासांची घातली, जादा कामाला दुप्पट मजुरी ठरवली. नोकरी धरताना थांबलेल्या दिवसाचा भत्ता किती, हे लेखी घ्या.