लसूणघास आणि खारवट जमीन

नांदूर मध्यमेश्वर येथें गोदावरीवर बंधारा होऊन विसाव्या शतकाच्या आरंभीं कालवे वाहूं लागले, आणि निफाड-कोपरगांवकडील काळ्या जमिनीस पाण्याची शाश्वती आली. परंतु काळ्या मातींतून निचरा मंद होतो. जिरलेलें पाणी खालीं सांचून वर चढतें, उन्हानें आटतें आणि आपल्याबरोबर आणलेले क्षार पृष्ठभागीं ठेवून जातें. नीरेचा डावा कालवा १८८५ सालीं सुरू झाल्यानंतर त्या खोऱ्यांतहि हेंच घडलें. ज्याच्या शेताचा एक तुकडा असा पांढरा पडला, त्याच्यापुढें पहिला प्रश्न उभा राहतो तो दावणीच्या गाईचा. कारण लसूणघास खारास लवकर नमतो.

किती लवकर, हेंहि मोजतां येतें. मातींतील क्षारयुक्त पाण्यांतून वीज जितकी सहज वाहते तितका खार अधिक. या मोजमापास डेसिसीमेन्स म्हणतात. सुमारें २ पर्यंत घास सुखानें वाढतो, पुढें दर एकास उत्पन्न ७ टक्क्यांनीं घटतें. मका याहूनहि नाजूक. उलट, जिला उपटतां उपटतां आपण कंटाळतों ती हरळी जवळजवळ ७ पर्यंत डगमगत नाहीं!

हा फरक कशाचा? खारट पाणी मुळांस शोषतां येत नाहीं, हें पहिलें संकट. दुसरें असें कीं, मिठांतील सोडियम आंत शिरून पानांच्या कडा करपवितो. त्यास आवरण्याचीं कामें वनस्पतींत निरनिराळीं जनुकें करतात. 'एस्. ओ. एस्. १' हें जनुक सोडियमास मुळांतून बाहेर लोटणारा पंप घडवितें, 'एच्. के. टी.' वर्गांतील कांहीं जनुकें वर चढणाऱ्या रसांतूनच तो काढून घेतात, आणि 'एन्. एच्. एक्स.' वर्गांतील जनुकें त्याला पेशींतील पोकळींत कोंडून ठेवतात. ऑस्ट्रेलियांतील संशोधकांनीं यांपैकीं दुसऱ्या प्रकारचें एक जनुक प्राचीन एकदाणी गव्हांतून, आपण ज्यास बन्सी म्हणतों त्या वर्गाच्या गव्हांत, संकरानें आणलें. खारट शेतांत त्याचें उत्पन्न २५ टक्क्यांपर्यंत वाढल्याचें त्यांनीं २०१२ सालीं प्रसिद्ध केलें.

मग घासांत तसेंच कां करूं नये? येथें खरी अडचण आहे. आमच्या शरीरांत गुणसूत्रांचे दोन संच असतात. घासांत चार, मिळून ३२ गुणसूत्रें. शिवाय त्याचें परागीकरण मधमाश्या करतात, आणि एकाच झाडाचें त्याच्याच परागापासून बीं धरलें तर संतति दुबळी निघते. म्हणून घासाचा वाण हा जुळ्या भावंडांचा समूह नसून मोठें कुटुंब असतें. एकाच वाफ्यांत कोणी खार सोसतो, कोणी कोमेजतो. पैदासकारास ही अडचणच भांडवल होते. तो हजारों रोपें खारट पाण्यावर वाढवितो, तगलेलीं निवडतो, त्यांचाच आपसांत संकर करतो आणि पिढ्यान् पिढ्या तेंच चालवितो. कष्ट मोठे, आणि फसगतहि होते: खारांत जोमानें रुजणारें बीं मोठेपणीं तितकेंच खंबीर निघेल असें नाहीं, कारण त्या दोन वयांतील सहनशीलता पुष्कळदां निरनिराळ्या जनुकांवर अवलंबून असते.

आणखी एक गोष्ट चाऱ्याच्याच बाबतींत येते. गव्हानें पानांत मीठ लपविलें तरी आपणांस दाणा मिळतो. येथें तर पान हेंच पीक. खार पानांत सांठविणारें झाड शेतांत हिरवेंगार दिसेल, पण तो खार गाईच्या पोटांत जाईल. म्हणून सोडियमास मुळाशींच अडविणारें झाड आम्हांस अधिक मोलाचें वाटतें. त्यानें दर महिन्याच्या कापणीनंतर पुन्हां फुटलेंहि पाहिजे.

राहुरीच्या कृषि विद्यापीठानें 'आर्. एल्. ८८' हा अनेक वर्षें कापतां येणारा घास दिला आहे. त्याच्या जोडीस खार सोसणारा वाणहि हवा. तोंवर, आणि तो आल्यावरहि, शेतास चर खणून खारट पाणी वाहून न्यावेंच लागेल. जमीन नुसती खारवट नसून चोपण झाली असेल, तर माती तपासून जिप्समहि घालावें लागतें.