विश्लेषण : थीम पार्कच्या सहलीत जेवणाचे टेबल कधी राखून ठेवावे?

सुट्टी लागली की ट्रॉम्बे, चेंबूर, मानखुर्द भागातल्या अनेक कुटुंबांच्या गाड्या वाशीचा खाडीपूल ओलांडून खोपोलीच्या दिशेने निघतात. पार्कची तिकिटे आधीच काढलेली असतात. जेवणाचा विचार मात्र दुपारी दीड वाजता, मुले कुरकुरू लागल्यावर होतो. तोवर रांग लागलेली असते. घरच्या आजीची मधुमेहाची गोळी जेवणाच्या वेळेशी बांधलेली असेल, तर हा उशीर नुसत्या चिडचिडीवर भागत नाही.

दुपारीच गर्दी का होते?

पार्कमध्ये आलेले सगळेच जण सकाळी पाळण्यांकडे धावतात आणि साधारण एक ते अडीच या वेळेत एकदम भुकेले होतात. अशा पार्कमध्ये बाहेरचे खाद्यपदार्थ सहसा नेऊ देत नाहीत, त्यामुळे आतल्या मोजक्या उपाहारगृहांवरच भिस्त असते. म्हणजे अडचण अन्नाची नसते, एकाच वेळी लागणाऱ्या खुर्च्यांची असते.

खोपोलीला आधी बुकिंग लागते का?

खोपोली-पाली रस्त्यावरील इमॅजिका 2013 मध्ये सुरू झाले. तिथे किंवा राज्यातील इतर पार्कमध्ये एका दिवसासाठी जाणाऱ्या चौघांच्या कुटुंबाला महिनाभर आधी टेबलाची चिंता करण्याचे कारण नाही. तिकीट काढतानाच जेवणासह पर्याय आहे का, एवढे पाहावे. मात्र जेवणाचे कूपन म्हणजे राखीव टेबल नव्हे. कूपनमुळे पैसे आधी भरले जातात, खुर्ची मिळेलच असे नाही. दहा-बारा जण एकत्र जाणार असतील, तर तिकिटे काढण्यापूर्वी फोन करून बसण्याची सोय विचारून घ्यावी.

परदेशात हिशेब का बदलतो?

तिथे काही उपाहारगृहे हेच सहलीचे आकर्षण असते. फ्लोरिडातील वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये सिंड्रेलाच्या किल्ल्यात बसून जेवण्यासाठी झुंबड उडते. तिथली टेबले 60 दिवस आधी खुली होतात. 25 डिसेंबरला जेवायचे असेल, तर तारीख येते 26 ऑक्टोबर. ऑनलाइन बुकिंग तिथल्या पहाटे सहाच्या सुमारास सुरू होते. ऑक्टोबरमध्ये तेव्हा आपल्याकडे दुपारचे साडेतीन वाजलेले असतात. डिस्नेच्याच हॉटेलात उतरणाऱ्यांना मुक्काम सुरू होण्याच्या 60 दिवस आधी पुढच्या दहा दिवसांपर्यंतची टेबले एकदम राखता येतात. मुक्काम 22 डिसेंबरपासून असेल, तर 25 तारखेचे टेबल 23 ऑक्टोबरलाच मिळू शकते. हे तीन दिवस निर्णायक ठरतात.

टोकियो डिस्नेमध्ये ऑनलाइन बुकिंग महिनाभर आधी, जपानी वेळेनुसार सकाळी दहाला म्हणजे आपल्याकडे साडेसहाला सुरू होते. तिथे बुकिंग असूनही थोडे थांबावे लागू शकते. टेबल रिकामे झाले की आधी नंबर लागतो, एवढाच त्याचा अर्थ.

नेमकी वेळ कोणती निवडावी?

गर्दी टाळायची तर साडेअकरा ते बारा किंवा अडीचनंतरची वेळ बरी. मधुमेही, लहान मुले किंवा गरोदर स्त्री सोबत असल्यास लवकरचीच वेळ घ्यावी आणि पाळण्यांचा क्रम त्याभोवती बसवावा. नायट्रोसारख्या मोठ्या रोलर कोस्टरवर पोटभर जेवून लगेच बसू नये. ते आधी उरकावे, जेवणानंतर खेळ किंवा शो पाहावेत. संध्याकाळची परेड पाहायची असेल, तर रात्रीच्या जेवणाची वेळ तिच्याशी टक्कर घेणार नाही हे तपासावे. सहलीच्या दिवशी संकष्टी असेल, तर चंद्रोदयाची वेळ आणि पार्क बंद होण्याची वेळ शेजारी शेजारी लिहून पाहावी. अनेकदा उपवास परतीच्या वाटेवरच सुटणार असतो.

टेबल कधी राखू नये?

विमान उतरते त्या दिवशी आणि पार्कच्या पहिल्या सकाळी. उशीर झाला की बुकिंग वाया जाते. डिस्ने वर्ल्डमध्ये न कळवता गैरहजर राहिल्यास अनेक ठिकाणी माणशी 10 डॉलर कापले जातात. म्हणून बुकिंग करतानाच रद्द करण्याची मुदत पाहून फोनवर गजर लावावा. दिवसाला एकच टेबल राखावे, दुसरे जेवण काउंटरवरून घ्यावे. शुद्ध शाकाहारी किंवा जैन जेवण हवे असल्यास तसे बुकिंगमध्ये नोंदवावे, ताटावर बसल्यावर नव्हे.

थोडक्यात काय?

जिथे खुर्च्या कमी आणि हौस मोठी, तिथे दोन महिने आधी कॅलेंडर उघडावे. खोपोलीला मात्र बुकिंगपेक्षा घड्याळ उपयोगी पडते. सगळे जेवायला निघण्याच्या अर्धा तास आधी आपण ताटावर असलो, म्हणजे झाले.