गोचीड, गाय आणि विषाणू

इंदापूर तालुक्यातील निरवांगी किंवा त्याच्या आसपासच्या कोणत्याही गावात सकाळी गोठ्यात डोकावले, तर एक दृश्य हमखास दिसते. धार काढून झाल्यावर घरातले एखादे मूल गाईच्या कानामागच्या, मानेखालच्या, कासेजवळच्या गोचिडी उपटत असते. टम्म फुगलेली गोचीड दगडावर ठेवायची आणि चिरडायची. रक्ताची चिळकांडी उडाली की काम फत्ते! तेच मूल तासाभराने आपल्या वर्गात बसलेले असते. या साध्या सवयीत धोका कोणता, हे समजून घेण्यासाठी आपल्याला गोचिडीच्या पोटात शिरावे लागेल.

गोचीड हा कीटक नव्हे. तिला आठ पाय असतात, म्हणजे ती कोळी आणि विंचू यांची नातलग. अंड्यातून बाहेर पडणाऱ्या डिंभाला मात्र सहाच पाय असतात. डिंभ रक्त पितो, कात टाकतो आणि आठ पायांचे अर्भक होते. अर्भक पुन्हा रक्त पिते, कात टाकते आणि प्रौढ होते. प्रौढ मादी पोटभर रक्त पिऊन जमिनीवर गळून पडते, भिंतीच्या फटीत किंवा पाचोळ्यात शिरते, दोन-तीन हजार, कधी त्याहूनही जास्त अंडी घालते आणि मरते. म्हणजे आयुष्यात मोजून तीन जेवणे. डास दर दोन-चार दिवसांनी चावतो. गोचीड तीनदाच, पण दर खेपेला काही दिवस चिकटून राहते. तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारी आणि त्वचा बधिर करणारी द्रव्ये असतात. म्हणून ती चिकटलेली आपल्याला कळतही नाही.

आता विषाणूच्या बाजूने विचार करू. आजारी जनावराच्या रक्ताबरोबर तो गोचिडीच्या आतड्यात गेला, एवढ्याने भागत नाही. आतड्याच्या पेशींत त्याची वाढ झाली पाहिजे, तेथून तो लाळग्रंथींपर्यंत पोचला पाहिजे आणि गोचीड कात टाकते तेव्हा होणाऱ्या उलथापालथीतही टिकला पाहिजे. हे ज्याला जमते तो विषाणू पुढच्या जेवणाच्या वेळी लाळेतून नव्या प्राण्यात उतरतो. काही विषाणू तर मादीच्या अंड्यांतही शिरतात. मग पिल्ले जन्मतःच विषाणू घेऊन येतात. अशा वेळी गोचीड ही नुसती वाहक न राहता विषाणूची कोठीच बनते.

येथे आणखी एक प्रश्न विचारायला हवा. गोचीड तिन्ही जेवणे एकाच जनावरावर घेते की जनावरे बदलते? आपल्याकडे गाईंवर सर्रास आढळणारी रिपिसेफॅलस मायक्रोप्लस (पूर्वीचे नाव बूफिलस) डिंभापासून प्रौढ होईपर्यंत एकाच गाईवर राहते. हायलोमा मात्र मधेच उतरते आणि दुसरे जनावर गाठते. एका प्राण्याचा विषाणू दुसऱ्याला पोचवण्याची संधी अर्थातच हायलोमाला जास्त.

गाईचे काम प्रत्येक रोगात सारखे नसते. दोन उदाहरणे पाहू.

1957 साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि पाठोपाठ माणसेही तापाने आजारी पडली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने (आजची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था) शोध घेतला. प्रथम पीतज्वराची शंका होती, पण सापडला एक नवाच विषाणू. त्याचा मुख्य वाहक हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा ही गोचीड. तिचे डिंभ आणि अर्भके उंदीर, पक्षी, माकडे यांच्यावर जगतात आणि विषाणू तेथूनच उचलतात. माणसाला बहुधा अर्भकच चावते. मग गाईचा संबंध काय? गाईच्या रक्तात हा विषाणू नीट वाढत नाही. पण प्रौढ गोचिडींना पोटभर रक्त गाईम्हशींपासूनच मिळते. जंगलात गुरे चरायला गेली की गोचिडींची संख्या वाढते. म्हणजे येथे गाय विषाणूला पोसत नाही, गोचिडीला पोसते. हाच रोग 2016 मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात आढळला आणि पुढे सावंतवाडी तालुक्यातही पसरला. काजूच्या बागांत आणि रानात काम करणाऱ्यांना त्याचा फटका बसला. मराठीत त्याला 'माकडताप' म्हणतात. पण दोष माकडाचा नाही, तेही त्याच रोगाने मरते.

दुसरे उदाहरण जानेवारी 2011 मधले. गुजरातमध्ये अहमदाबाद जिल्ह्यातील कोलाट गावची एक स्त्री रक्तस्रावी तापाने मरण पावली. तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर आणि परिचारिकाही दगावल्या. पुण्याच्या संस्थेने निदान केले : क्रिमियन-काँगो रक्तस्रावी ताप. भारतात या रोगाचे रुग्ण निश्चितपणे ओळखले गेले ते तेव्हाच. वाहक हायलोमा. येथे गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांच्या रक्तात विषाणू काही दिवस खरोखरच वाढतो, पण जनावर आजारी दिसत नाही. ते चांगले खाते, दूध देते आणि त्याच वेळी त्याच्या अंगावरच्या गोचिडी विषाणू पितात. माणसाला रोग होतो तो गोचीड चावून, जनावराचे ताजे रक्त अंगाला लागून, रुग्णाच्या रक्ताच्या संपर्कातून आणि उघड्या हातांनी गोचीड चिरडल्याने. त्या दगडावरच्या चिळकांडीचा अर्थ आता लक्षात येईल.

पुणे जिल्ह्याचा या शास्त्राशी आणखी एक धागा आहे. 1954 मध्ये पुण्याच्या वानवडी भागात गोळा केलेल्या हायलोमा गोचिडींतून एक विषाणू वेगळा करण्यात आला. जगभरच्या विषाणूंच्या यादीत तो 'वानवरी विषाणू' या नावानेच ओळखला जातो. त्याच सुमारास ओरिसातील गंजाम जिल्ह्यात शेळ्यांवरच्या गोचिडींतून 'गंजाम विषाणू' मिळाला. आफ्रिकेतील मेंढ्यांचा 'नैरोबी' रोग घडवणारा विषाणू आणि हा मुळात एकच, असे नंतर जनुकांच्या तुलनेतून दिसले. समुद्राच्या दोन काठांवर एकच विषाणू दोन नावांनी नांदत होता!

येथे एक गल्लत टाळायला हवी. शेतकरी ज्याला 'गोचीडताप' म्हणतात आणि ज्याने संकरित गाई दगावतात, तो विषाणूंमुळे होत नाही. थायलेरिया, बबेसिया हे त्यामागचे एकपेशीय आदिजीव आहेत. उलट 2022 मध्ये महाराष्ट्रभर पसरलेल्या लम्पी त्वचारोगाचे कारण विषाणूच; पण त्याच्या प्रसारात चावणाऱ्या माशा, डास यांचाही मोठा वाटा असतो. 'गोचीड आहे म्हणजे विषाणू आहे' असे समीकरण मांडता येत नाही. निरवांगीतल्या प्रत्येक गोचिडीत विषाणू बसला आहे, असेही आम्हाला सुचवायचे नाही. नुसते पाहून मात्र ते कोणालाच ओळखता येत नाही. म्हणून सवय सर्वच गोचिडींच्या बाबतीत बदलायची.

काय करावे? गोचीड बोटांनी चिरडू नये. काढायचीच तर हातमोजे घालून चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी, स्पिरिटच्या बाटलीत टाकावी आणि हात साबणाने धुवावेत. गोठ्याच्या भिंतींतील भेगा बुजवाव्यात, कारण अंडी तेथेच असतात. नुसत्या गाईवर औषध मारून भागत नाही. औषध पशुवैद्यकाला विचारूनच वापरावे. तेच औषध वारंवार वापरले की गोचिडी त्याला दाद देईनाशा होतात.

वर्गासाठी एक उपक्रम सुचवतो. विद्यार्थ्यांनी हात न लावता, दर पंधरवड्याला आपल्या एकाच गाईच्या कान, मान, कास आणि शेपटीखालच्या गोचिडी मोजाव्यात आणि वर्षभराचा आलेख काढावा. त्याशेजारी पावसाचा आणि तापमानाचा आलेख ठेवावा. गोचिडी केव्हा वाढतात आणि का, याचे उत्तर मुलांना आपल्याच गोठ्यात मिळेल. आणि मोजणारे मूल दगड उचलणार नाही, हा फायदा वेगळाच.