राखेखालची राजधानी आणि सतरा मार्चची आठवण

वेस्ट इंडीज म्हटले की आपल्या घरातील मुलांना क्रिकेट आठवते. नकाशावर मात्र या नावाचा एक देश सापडत नाही. ती कॅरिबियन समुद्रातील लहानमोठ्या बेटांची रांग आहे. त्यांपैकी मॉन्टसेरात या ज्वालामुखीच्या बेटावर आम्ही आज वाचकांना नेणार आहोत. आमच्यासारख्या कारकुनाच्या पगारात तेथवरचा विमानप्रवास बसणारा नाही. परंतु या बेटाने आपली राजधानी गमावली, आठवण मात्र गमावली नाही. म्हणून त्याची ओळख आपल्या मुलाबाळांना असावी असे आम्हास वाटते.

अँटिग्वा बेटावरून लहान विमानाने सुमारे वीस मिनिटांत येथे पोहोचता येते. बेटाचे क्षेत्रफळ अवघे १०२ चौरस किलोमीटर असून ते आजही ब्रिटनच्या अखत्यारीत आहे. जाण्यास मार्च महिना उत्तम. पाऊस कमी आणि हवा उबदार असते. सतराव्या शतकात येथे आयरिश लोक येऊन वसले. त्यांची खूण म्हणून आजही पाहुण्याच्या पासपोर्टवर तीन पानांच्या आयरिश पाल्याचा शिक्का उमटवतात. १७ मार्च हा आयरिश लोकांचा संत पॅट्रिकचा सण. त्या दिवशी मॉन्टसेरातमध्येही सार्वजनिक सुट्टी असते, पण त्यामागचा इतिहास वेगळा आहे.

उसाच्या मळ्यांसाठी आफ्रिकेतून माणसे धरून आणून त्यांना येथे गुलाम म्हणून राबवले जात होते. १७६८ साली या गुलामांनी उठावाचा बेत आखला. मालक मंडळी सणाच्या खाण्यापिण्यात दंग असतील म्हणून त्यांनी १७ मार्चचाच दिवस निवडला. दुर्दैवाने बेत आधीच फुटला आणि नऊ जणांना फासावर चढवण्यात आले. गुलामगिरी कायद्याने संपण्यास १८३४ साल उजाडावे लागले. पुढे १९८५ पासून बेटावर या दिवसाची सुट्टी सुरू झाली. अशा रीतीने मालकांच्या सणाचा दिवस बंडखोरांच्या स्मरणाचा दिवस झाला.

या दिवसांत रस्त्यावर मुखवटे लावलेले नर्तक निघतात. अंगावर रंगीत फिती, डोक्यावर उंच टोप आणि हातात चाबूक असतो. मालकांच्या घरचे नाच पाहून त्यांची नक्कल करण्यातून हा नाच घडला. घरोघरी 'गोट वॉटर' शिजते, म्हणजे लवंग घातलेला मटणाचा पातळ रस्सा.

आता ज्वालामुखीविषयी. सुफ्रिए हिल्स हा डोंगर लिखित इतिहासात कधी फुटलेला नव्हता. १८ जुलै १९९५ रोजी तो जागा झाला. त्याचा लाव्हा घट्ट असल्याने वाहून न जाता माथ्यावर घुमटासारखा साचतो. तो घुमट ढासळला की तापलेली राख, दगड आणि वायू यांचा लोट प्रचंड वेगाने खाली येतो. अशा लोटांनी प्लिमथ ही राजधानी गाडून टाकली. माणसे आधीच हलवलेली होती म्हणून शहरातील जीव वाचले.

परंतु २५ जून १९९७ रोजी १९ जणांचा बळी गेला. त्यांतील बरेच जण बंदी असलेल्या भागात शेतावर गेलेले होते. ती बेफिकिरी होती काय? उत्तरेकडील सुरक्षित भागात कसण्याजोगी जमीन थोडी होती. लोक शाळांत आणि चर्चमध्ये दाटीवाटीने राहत होते. पोट भरायचे तर जुन्या शेतावर जाणे भाग होते. पुढे मृत्यूंच्या चौकशीत, सुरक्षित जागी जमीन न दिल्याबद्दल शासनावर ठपका ठेवण्यात आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बेटवासी जास्त मदत मागू लागले, तेव्हा ब्रिटिश मंत्री क्लेअर शॉर्ट यांनी, हे लोक उद्या सोन्याचे हत्ती मागतील, अशा अर्थाचे उद्गार काढले. घर बुडालेल्या माणसाच्या हक्काच्या मागणीला हाव म्हणणे किती सोपे असते, हे कष्टकरी वाचकांना आम्ही वेगळे सांगावयास नको.

आज गॅरिबाल्डी टेकडीवरून खाली पाहिले की राखेतून वर आलेले इमारतींचे माथे दिसतात. तेच प्लिमथ. कागदोपत्री राजधानी अजून तीच, कारभार मात्र ब्रेड्स गावातून चालतो. निम्म्याहून अधिक बेट प्रवेशबंदीत आहे. गाडलेले शहर जवळून पाहण्यासाठी परवानगी आणि अधिकृत वाटाड्या लागतो. शास्त्रज्ञांची वेधशाळा डोंगरावर रात्रंदिवस लक्ष ठेवून असते. डोंगराने टाकलेली वाळू आता बांधकामासाठी जहाजांनी इतर बेटांवर पाठवली जाते.

१९९५ पूर्वी येथे सुमारे बारा हजार लोकवस्ती होती, आज पाच हजारही नाही. बाकीचे ब्रिटन, अँटिग्वा आदी ठिकाणी पांगले. तरी दर मार्चमध्ये त्यांतील अनेकजण परत येतात. ज्यांचे घर राखेखाली गेले ते नातलगांकडे उतरतात आणि आपल्या पोरांना हा सोहळा दाखवतात. परमुलखात वाढणाऱ्या त्या पोरांना आपली माणसे कोण आणि ती कशासाठी लढली, हे तेथे कळते.

वाचकांनी आज सायंकाळी शाळकरी मुलांकडून नकाशात अँटिग्वा शोधून घ्यावे. त्याच्या नैर्ऋत्येस एक बारीक ठिपका दिसेल. त्या ठिपक्यावरील नऊ बंडखोरांची हकिकत मुलांना जरूर सांगावी.