मोबाइलच्या लहरी : भय नको, बेफिकिरीही नको

"सर, समोरच्या इमारतीवरच्या टॉवरने आमच्या मुलांना कर्करोग तर होणार नाही ना?" पालकसभेत हा प्रश्न अलीकडे हमखास विचारला जातो. ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत वस्ती जशी दाट झाली, तसे गच्च्यांवर टॉवरही वाढले. प्रश्न काळजीपोटी आलेला आहे; म्हणूनच त्याचे उत्तर ऐकीव माहितीवर नव्हे, तर पुराव्यावर दिले पाहिजे, असे आम्ही मानतो.

मोबाइलच्या रेडिओलहरी क्ष-किरणांसारख्या नसतात. अणूतून इलेक्ट्रॉन सुटा करण्याएवढी ऊर्जा त्यांच्यात नसते. त्यांचा सिद्ध झालेला परिणाम म्हणजे शरीराच्या ऊतींना मिळणारी ऊब होय. ऊती ही ऊर्जा किती शोषतात, याच्या मापाला 'सार' म्हणतात. १ सप्टेंबर २०१२ पासून भारतात हँडसेटसाठी याची मर्यादा किलोमागे १.६ वॅट अशी ठरली. टॉवरच्या प्रारणाची मर्यादाही त्याच दिवशी आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक-दशांशावर आणली गेली.

लहरींची तीव्रता अंतराबरोबर झपाट्याने घटते. अंतर दुप्पट झाले की ती चौथाई उरते. टॉवर दूर असतो, मोबाइल मात्र कानाला चिकटलेला असतो. शिवाय सिग्नल क्षीण झाला की मोबाइल अधिक जोराने लहरी सोडतो. कळवा-मुंब्र्यादरम्यान पारसिकच्या बोगद्यात गाडी शिरली की नेमके हेच घडते. म्हणजे जवळचा टॉवर हटवल्यास कानाजवळचे प्रारण घटण्याऐवजी वाढण्याचाच संभव अधिक! मात्र गच्चीवरील अँटेनाच्या अगदी समोर मुलांना खेळू देऊ नये.

कर्करोगाचे काय? २०११ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने या लहरींना 'कदाचित कर्ककारक' या वर्गात ठेवले. त्याचा अर्थ पुरावा अपुरा, पण शंकेस जागा आहे, असा होतो. २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेल्या आढाव्यात मोबाइलचा वापर आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही.

तरीही साधी सावधगिरी बाळगण्यास खर्च लागत नाही. लांबलचक बोलणे इअरफोनवर किंवा स्पीकरवर करावे. सिग्नल क्षीण असताना बोलणे आवरते घ्यावे. झोपताना मोबाइल उशाशी ठेवू नये. परिसरातील टॉवर नियमात बसतात की नाही, हे पाहण्यासाठी दूरसंचार विभागाने २०१७ साली 'तरंग संचार' हे संकेतस्थळ सुरू केले. शुल्क भरून मोजणीही मागता येते.

आमच्या नववीच्या मुलांनी एके दिवशी शिक्षकांच्या हँडसेटवर *#०७# हे अंक दाबून 'सार'चे आकडे फळ्यावर मांडले. सगळे १.६ च्या आत निघाले. त्यावर एका मुलीने विचारले, "सर, मग कानात इअरफोन घालून रूळ ओलांडणाऱ्यांचा धोका कोणत्या एककात मोजायचा?"

पालकहो, त्या प्रश्नाचे उत्तर आपल्यालाच द्यावयाचे आहे.