ओतॉयहून आलेला घोडा हर्डलवर चालेल का?

नोव्हेंबर २००८. इंग्लंडमधील न्यूबरीच्या रेसकोर्सवर हेनेसी गोल्ड कपची शर्यत ऐन रंगात आली होती आणि शेवटचा उंच अडथळा तेवढा बाकी होता. 'बिग बक्स' या पाच वर्षांच्या घोड्याचा तेथे अंदाज चुकला आणि जॉकी सॅम थॉमस जमिनीवर आला. फ्रान्सहून आणलेल्या या घोड्याकडून उंच अडथळ्यांच्या शर्यतीत मोठ्या अपेक्षा होत्या. ट्रेनर पॉल निकोल्स यांनी मात्र त्याला पुन्हा बुटक्या हर्डलकडे वळवले. त्यानंतर बिग बक्सने ओळीने १८ शर्यती जिंकल्या.

फ्रान्समधील कामगिरीचा कागद समोर ठेवून हे भाकीत आधीच करता आले असते का? दर हिवाळ्यात फ्रान्सहून कोवळ्या वयाचे घोडे ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये दाखल होतात, तेव्हा लाखो युरो मोजणाऱ्या मालकापुढे हाच प्रश्न असतो.

महालक्ष्मी आणि पुण्याच्या रेसकोर्सवर आपण पाहतो त्या केवळ सपाट शर्यती. तिकडे हिवाळ्याचे वैभव म्हणजे उड्यांच्या शर्यती. त्यांत दोन प्रकार असतात: एक हर्डलचा आणि दुसरा उंच, भरीव कुंपणांचा, म्हणजे 'चेस'चा. ब्रिटिश हर्डल ही लाकडी चौकट असते. ती जमिनीत तिरकी रोवलेली असते आणि घोड्याचा पाय लागला तर मागे झुकते. साहजिकच तेथे उंच उडीपेक्षा वेग न मोडता घेतलेली सपाट, चपळ उडी मोलाची ठरते.

पॅरिसच्या ओतॉय रेसकोर्सवरील हर्डल म्हणजे छाटलेली झुडपी कुंपणेच. त्यांच्याशी फार सलगी करता येत नाही. फ्रान्समध्ये घोडा तिसऱ्या वर्षाच्या वसंतातच या शर्यतींत उतरतो, त्यामुळे उडीचे शिक्षण त्याआधीच सुरू झालेले असते. ब्रिटन-आयर्लंडच्या जुन्या परंपरेत वाढलेला घोडा याच वयात बहुधा कुरणात चरत असतो. फ्रेंच घोड्याचे आकर्षण आहे ते या तयारपणाचे.

पण खरी गोम याच तयारपणात आहे. ओतॉयला शिकलेला घोडा अडथळ्याचा मान राखून, जरा उंच आणि जपून उडी घेतो. चेससाठी हा उत्तम संस्कार असला तरी ब्रिटिश हर्डलवर प्रत्येक उडीत तो क्षणभर अधिक हवेत राहतो. दोन मैलांच्या वेगवान शर्यतीत अशा आठ उड्यांचा हिशेब अंगाशी येतो. म्हणूनच घोड्याने फ्रान्समध्ये किती शर्यती जिंकल्या यापेक्षा त्याच्या उडीचे चित्रीकरण दोनदा पाहावे, असे आमचे मत आहे. अडथळ्यापलीकडे उतरल्यावर तो लगेच धावू लागतो की क्षणभर रेंगाळतो, एवढेच नीट पाहिले तरी पुष्कळ कळते.

दुसरी गोष्ट जमिनीची. ओतॉयची जमीन बऱ्याचदा ओली, जड असते. अशा चिखलात दमदारपणे धावणारा घोडा मार्चमध्ये चेल्टनहॅमच्या तुलनेने कोरड्या, चढउतारांच्या मैदानावर तसाच धावेल, याची खात्री कोणी देऊ नये.

तिसरी शंका वयाची. लवकर पिकलेले फळ पुढे आणखी गोड होईलच असे नाही. चेल्टनहॅमची ट्रायम्फ हर्डल ही चार वर्षांच्या घोड्यांची सर्वोच्च परीक्षा मानली जाते. २०१५ मध्ये तेथे पहिले तिन्ही क्रमांक फ्रान्समध्ये पैदास झालेल्या आणि निकी हेंडरसन यांच्या तबेल्यातील घोड्यांनी पटकावले. विजेता होता 'पीस अँड को'. पुढल्याच वर्षी चॅम्पियन हर्डलमध्ये प्रौढ घोड्यांसमोर मात्र त्याची डाळ शिजली नाही. उलट बाजूही आहे. २०२२, २०२३ आणि २०२४ या तिन्ही वर्षी ट्रायम्फ हर्डल जिंकली ती विली मलिन्स यांच्या फ्रेंच पैदाशीच्या घोड्यांनीच: 'वोबां', 'लॉसीमाउथ' आणि 'मॅजबरो'. त्यांतील लॉसीमाउथ ही घोडी पुढे प्रौढ वयातही अव्वल दर्जाची ठरली.

फ्रान्समध्ये केवळ सपाट शर्यती धावलेला घोडा हा आणखी वेगळा जुगार. 'झारकंदार' फेब्रुवारी २०११ मध्ये केम्पटनला प्रथमच हर्डल शर्यतीत उतरला आणि जिंकला. पुढच्याच महिन्यात ट्रायम्फ हर्डलही त्याने खिशात घातली. फ्रेंच अडथळ्यांची सवय नसणे हेच कदाचित त्याच्या पथ्यावर पडले असावे.

नियमांचाही एक काच आहे. हंगाम सुरू होण्यापूर्वी हर्डल शर्यत जिंकलेल्या घोड्याला नवोदितांच्या हर्डल शर्यतींचे दार साधारणतः बंद होते. त्यामुळे फ्रान्समधील विजय ब्रिटनमध्ये आल्यावर ओझेही ठरतो. अशा घोड्याला अनुभवी हर्डलपटूंशी झुंजावे लागते, नाहीतर थेट चेसकडे वळावे लागते. ओतॉयला हर्डल जिंकून २००४ मध्ये सुमारे चार लाख युरोंना विकला गेलेला 'कॉटो स्टार' त्याच डिसेंबरमध्ये न्यूबरीला चेसमध्ये उतरला. पुढे दोनदा गोल्ड कप आणि पाच वेळा किंग जॉर्ज जिंकून त्याने ती निवड सार्थ ठरवली. यांतील बहुतेक नर घोडे खच्ची केलेले असतात, म्हणजे पैदाशीतून दमडीही मिळण्याची आशा नसते. घोडा धावला नाही, तर पैसे बुडाले.

कॉटो स्टारचीच वाट बिग बक्सला दाखवली गेली होती. पण तो स्वभावाने आळशी होता. मध्येच मागे पडल्यासारखा वाटे, जॉकी रुबी वॉल्श त्याला चेतवत राही आणि शेवटच्या चढावर तो पुन्हा उसळी घेई. त्याच्या दमाला तीन मैलांचे अंतर हवे होते आणि चूक पोटात घालणारा अडथळा हवा होता. दोन्ही एकत्र मिळाले ते हर्डलवर. २००९ ते २०१२ अशी सलग चार वर्षे त्याने चेल्टनहॅमची वर्ल्ड हर्डल जिंकली. एप्रिल २०१२ मध्ये एंट्री येथे सतराव्या विजयासह त्याने 'सर केन'चा सलग १६ हर्डल विजयांचा जुना विक्रम मोडला. १९५२ ते १९५४ अशी तीन वर्षे चॅम्पियन हर्डल जिंकणारा सर केनही फ्रान्सहूनच आणलेला होता.

पुढे स्नायुबंधाच्या दुखापतीने बिग बक्सचे वर्षभराहून अधिक काळ वाया गेले. जानेवारी २०१४ मध्ये तो परतला, तेव्हा ६६ला १ अशा भावाच्या 'नॉकारा बो'ने शर्यत जिंकली आणि बिग बक्स तिसरा आला. मार्चमध्ये वर्ल्ड हर्डलमध्ये तो पाचवा आला. त्याच दुपारी त्याची निवृत्ती जाहीर झाली.